शुगर बॉर्डरवर आली: पहिले चार महिने आणि आडव्या येणाऱ्या गोष्टी

ऑफिसची वार्षिक तपासणी असो की गुडघा दाखवायला गेल्यावर डॉक्टरांनी सहज लिहून दिलेली रक्ततपासणी, हल्ली घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "शुगर बॉर्डरवर आहे, गोड कमी करा, चालायला जा." सल्ला बरोबर आहे. पण घरी आल्यावर चालायला वेळ सापडत नाही, एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक होत नाही, आणि पुढच्याच आठवड्यात कुणाकडे तरी सत्यनारायण असतो. महिन्याभरात उत्साह ओसरतो आणि माणूस स्वतःलाच बोल लावतो, "माझ्या मनातच बळ नाही."

मला हे पटत नाही. मी पाहिलेल्या बहुतेकांचं घोडं चहाच्या पातेल्यापाशी, रात्री साडेनऊच्या जेवणापाशी, पहाटे गल्लीत भुंकणाऱ्या कुत्र्यांपाशी अडलेलं असतं. हे अडथळे ओळखता येतात आणि एकेक करून बाजूला करता येतात. नुकताच असा रिपोर्ट हातात पडलेल्यांसाठी हा लेख आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण औषध तेच ठेवून जेवण कमी केलं आणि चालणं वाढवलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

पायरी १: रिपोर्ट नीट वाचा

'बॉर्डरवर' म्हणजे नेमकं काय, ते आधी बघा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर त्या अवस्थेला मधुमेहपूर्व स्थिती म्हणतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो मधुमेह ठरतो. मात्र काही लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, डॉक्टर तपासणी पुन्हा करून घेतात. एचबीए१सी ६.८ असताना "बॉर्डरच आहे" म्हणून घरी बसणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणूनच रक्ताचं दुखणं असेल तर हा आकडा फसवू शकतो. लोहाच्या कमतरतेमुळे तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ही कमतरता फार. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तरीही त्यावर विसंबता येत नाही. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबार, नागपूर या भागांतल्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि उपाशीपोटीची तपासणीही करून घ्या.

आता घरातली शिवणकामाची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. श्वास सहज सोडलेला असू द्या, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजन, कंबर, तारीख आणि रिपोर्टचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

"मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. त्याचं उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ही ठेवण जगापुढे मांडली: दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, अशी अंगकाठी असेल, तर वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा.

पायरी २: ध्येय असं ठरवा की ते रोज करता येईल

"दहा किलो कमी करणार" हे ठरवून उद्या सकाळी नेमकं काय करायचं, ते कळत नाही. "रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरली की पंधरा मिनिटं गच्चीवर चालणार" हे कळतं. त्यात वेळ आहे, जागा आहे आणि कशानंतर करायचं तेही आहे.

किती अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज मोठ्या अभ्यासांवरून येतो. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य लोकांना दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, तर मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्या जवळचा अभ्यास चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ लोकांवर तो केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि आहार-व्यायामाच्या गटात घट २८.५ टक्के दिसली. मला त्यातली एक गोष्ट फार धीर देणारी वाटते: त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. काटा हलत नाही म्हणून सगळं सोडून देणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.

वजन जास्त असेल तर पहिलं लक्ष्य ५ ते ७ टक्क्यांचं ठेवा. ७२ किलोच्या माणसासाठी ते साडेतीन ते पाच किलो होतं, आणि त्याला चार-सहा महिने लागले तरी चालतील.

चार महिने का म्हणतो? आपल्या घरांत चातुर्मासाचा नेम धरायची पद्धत आहेच. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कुणी कांदा-वांगं सोडतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. नेम छोटा असतो, रोजचा असतो आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तो टिकतो. तसेच दोन नेम धरा, एक खाण्यातला आणि एक चालण्यातला. तिसरा धरायचा मोह महिनाभर तरी आवरा. चार महिन्यांनी केलेल्या एचबीए१सी तपासणीत त्याचा परिणाम स्वच्छ दिसतो.

पायरी ३: एक आठवडा फक्त लिहा

काहीही बदलू नका. वही घ्या किंवा मोबाइलवर स्वतःलाच मेसेज पाठवा. काय खाल्लं, किती वाजता, कुणाबरोबर, आणि भूक होती का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा.

आठवडा संपल्यावर पान वाचलं की अडथळा आपोआप पुढे येतो. कुणाचं दुपारचं जेवण अगदी व्यवस्थित असतं, पण संध्याकाळी सहा ते आठमध्ये फरसाण, बिस्किटं आणि दोन चहा होतात. कुणी दिवसभर जवळजवळ उपाशी राहून रात्री दहाला ताट भरून घेतं. घरातल्या बाईच्या वहीत बहुतेकदा वेगळंच निघतं: मुलाच्या ताटात राहिलेला भात, अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची खीर. हे जेवण म्हणून कधी मोजलंच जात नाही, कारण ते "वाया जाऊ नये" म्हणून खाल्लेलं असतं.

ज्या ओळी पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतली सगळ्यांत सोपी निवडा. सगळ्यांत वाईट सवयीशी पहिल्याच आठवड्यात झुंजायला जाऊ नका.

पायरी ४: एकच स्वयंपाकघर, सगळ्यांचं जेवण

डाएटसाठी वेगळा स्वयंपाक मागितला की तो पंधरा दिवसांत बंद पडतो, कारण तो करणारीवर भार पडतो. जेवण तेच असू दे, वाढण्याचं प्रमाण बदला. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव ताट डाळ, उसळ, पिठलं, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. आपल्या नेहमीच्या ताटात हे नेमकं उलटं असतं: तीन पोळ्या, वर भात, आणि भाजी वाटीभर तोंडी लावण्यापुरती.

म्हणजे अडथळा कुठे आहे बघा. भाजी कमी शिजते. चार माणसांना अर्धा किलो भाजी आणली तर अर्धं ताट भरणार कशानं? आधी बाजाराची पिशवी बदलावी लागते. मेथी, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, दुधी, दोडका, कोबी, काकडी, मुळा असं आणताना दीडपट-दुप्पट आणा. निवडायला वेळ नसेल तर रविवारी टीव्ही बघता बघता घरातल्या सगळ्यांनी मिळून मेथी निवडावी, शेंगा मोडाव्यात. हे काम एकटीवर राहिलं तर योजना तिथेच संपते.

जेवताना सुरुवात कोशिंबीर, भाजी आणि वरणाने करा, पोळी-भात नंतर घ्या. तेच जेवण या क्रमाने घेतलं तर नंतरची साखर कमी चढते, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. याला एक पैसा लागत नाही.

"पोळी बंद, आता फक्त भाकरी" असं अनेकजण ठरवतात. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगलीच, त्यांत तंतुमय भाग आहे. पण भाकरीही पीठच. दोन पोळ्यांच्या जागी दोन जाडजूड भाकऱ्या आल्या तर पिठाचं वजन उलट वाढतं. भातही बंद करायची गरज नाही. कोकणात आणि गोव्यात शीत-कडीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, आणि ते सोडायला सांगणारा सल्ला तिथे टिकणारच नाही. भाताला एक वाटी ठरवा, रोज तीच वाटी, सपाट भरून. बांगड्याचं कालवण आणि भाजी वाढवा.

चहा हा आपला सगळ्यांत मोठा लपलेला साखरसाठा आहे. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. गुळाचा चहा हा उपाय नव्हे, गूळ म्हणजे बहुतांश साखरच. अडथळा असा की घरात चहा एकाच पातेल्यात होतो आणि साखर आधीच पडते. तेव्हा साखर पातेल्यात घालणं थांबवा आणि प्रत्येकाने आपापल्या कपात घ्यावी. मग दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत जा. एकदम फिका चहा प्यायला लागलात तर चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा गोड घ्याल, जीभ सावकाश बदलते.

उरलेल्या अन्नाचंही सांगतो. ते पोटात टाकणं आणि कचऱ्यात टाकणं याशिवाय तिसरी वाट आहे. जेवणं होताच उरलेलं झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात करा, वर भरपूर कांदा-कोबी-मटार घाला, आणि तो नाश्ता म्हणून मोजा. मुलाच्या ताटात आधी कमी वाढा, लागलं तर तो मागून घेईल. माझ्या मावशीच्या घरी एवढ्या दोनच गोष्टी बदलल्या आणि तिची रात्रीची जडपणाची तक्रार गेली.

उपवासाबद्दल थोडं कडक बोलावं लागेल, कारण इथे श्रद्धा आणि सवय एकमेकींत मिसळलेल्या आहेत. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे महिन्याला सहा-सात उपवास धरणाऱ्या बाईच्या ताटात खिचडी, बटाटा, वेफर्स आणि गोड रताळं आलं, तर उपवासाच्या दिवशीच साखर सगळ्यांत वर जाते. उपवास सोडू नका. वरईचा थोडा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची खमंग कोशिंबीर, ताक, दही, मूठभर शेंगदाणे, एखादा पेरू असं करा. खिचडी हवीच असेल तर छोटी वाटी घ्या आणि बरोबर दही-काकडी. औषधं चालू असतील तर निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

संध्याकाळच्या फरसाणाचा उपाय मात्र साधा आहे. बॅगेत फुटाण्यांची पुडी ठेवा आणि साडेपाच-सहाला मूठभर खा. लोकलमधून उतरल्यावर वडापावच्या गाडीपाशी जो झगडा होतो, तो पोटात काही असलं तर होत नाही. मिसळ आवडत असेल तर मोडाच्या मटकीची उसळ भरपूर घ्या, पाव एक आणि फरसाण चिमूटभर.

पायरी ५: आग्रहाला उत्तर आधीच तयार ठेवा

आपल्याकडे आग्रह हे प्रेम आहे. "एवढ्यानं काही होत नाही" म्हणणाऱ्या काकू तुमच्या वाईटावर नसतात. अडचण अशी की त्या क्षणी उत्तर सुचत नाही, भिडेपोटी वाटी पुढे होते, आणि मग "आज बिघडलंच, तर खाऊनच घेऊ" असं होतं.

उत्तर आधी ठरवा आणि त्यात नकारापेक्षा मागणी असू द्या. "काकू, श्रीखंड अर्धी वाटीच वाढा, तेवढं चवीनं खाते. आणि तुमची कोशिंबीर मात्र पुन्हा हवी." वाढणाऱ्याला वाढल्याचं समाधान मिळतं. पंगतीत खास पदार्थांतलं एकच काय खायचं ते आधीच ठरवून बसा: जिलबी किंवा मठ्ठा-मसालेभात, दोन्ही नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य ज्येष्ठांपुढे सर्वांत जास्त चालतं, ते बिनधास्त वापरा.

घरात मात्र असली उत्तरं पुरत नाहीत, तिथे सरळ बोलावं लागतं. सून सासूबाईंना म्हणू शकते, "आई, माझा रिपोर्ट असा आलाय. तुमच्या हातचं सोडायचं नाहीये, फक्त माझ्या पोळीला तूप मी लावून घेईन." नवरा बायकोला म्हणू शकतो, "रात्रीची भाजी मी चिरतो, पण भात कमी लावूया." रिपोर्ट लपवून पथ्य पाळणाऱ्याला घरातलेच नकळत आडवे येतात. शिवाय मधुमेह कुटुंबातून येतो, तेव्हा ताट बदललं तर भावंडांचं आणि मुलांचंही भलंच होईल.

सण आले की काय? गणपतीत मोदक खा. उकडीचे दोन, जेवणाचा भाग म्हणून, त्या वेळी पोळी-भात कमी करून. दिवाळीचा फराळ डब्यांतून येता-जाता खाण्याऐवजी सकाळी एक बशी भरून, बसून खा, मग डबे वरच्या फळीवर. आमरसाच्या दिवसांत वाटीभर रस घेतला तर पुऱ्या दोन, आणि रसात साखर नाही. सणाचे दिवस वर्षात मोजके असतात. रिपोर्ट बिघडवतात ते सणानंतर आठ-आठ दिवस चालणारे उरलेले डबे.

पायरी ६: चालण्याची वेळ शोधू नका, चिकटवा

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं माप. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यावर घेऊ नका. तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. आज तुमची तीन हजार पावलं होत असतील, तर साडेचार हजार हे उत्तम पहिलं लक्ष्य आहे.

पुण्यात पर्वती किंवा वेताळ टेकडी, मुंबईत शिवाजी पार्क, कोल्हापुरात रंकाळा, पणजीला मिरामार, अशा जागा जवळ असतील तर भाग्यच. पण रोज पहाटे उठून तिथे जायचा बेत पहिल्या महिन्यात करू नका. पहाटेचा बेत रात्रीच्या झोपेवर अवलंबून असतो आणि रात्रीची झोप घरातल्या सगळ्यांवर. त्यापेक्षा चालणं एखाद्या पक्क्या गोष्टीला चिकटवा. दुपारचा डबा संपला की ऑफिसभोवती दहा मिनिटं. रात्री जेवण झालं की सोसायटीत पंधरा मिनिटं. मुलाला क्लासला सोडलं की तो सुटेपर्यंत. जेवणानंतर लगेच चालण्याने साखरेचा चढ कमी होतो, म्हणून आपल्यासाठी ही पंधरा मिनिटं विशेष मोलाची. शतपावली आपल्या आज्यांनी सांगितलीच होती, ती शंभर पावलांवर थांबवू नका एवढंच.

अडथळे इथे खरेखुरे आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात, मुंबईत रोज बाहेर चालणं होत नाही. त्यासाठी घरातला पर्याय पाऊस येण्याआधीच ठरलेला हवा: हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या, इमारतीचा जिना, फोनवर बोलताना उभं राहून चालणं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हीच अडचण हिवाळ्यातल्या अंधाराची असते, आणि उपाय तोच. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावरच निघा आणि पाणी बरोबर घ्या. अंधारी गल्ली आणि कुत्री ही बायकांची मोठी अडचण. तिथे धाडस करण्यात अर्थ नाही, शेजारणीला बरोबर घ्या किंवा गच्ची वापरा. शेजारणीचा आणखी एक उपयोग असा की ती खाली उभी असली की आपण निघतोच.

गुडघा दुखत असेल तर चालणं बंद करू नका, वेगळं करा. सपाट जागा, चांगले बूट, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. जिना चढा आणि उतरताना लिफ्ट घ्या, कारण उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याला आधार मिळतो. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग वाढवत पंधरा. भिंतीला हात टेकून जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं केलं तरी सुरुवात झाली. जेवणातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात, त्यामुळे बारीक अंगाच्या लोकांनी हा भाग मुळीच टाळू नये.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी ७: झोप

सात तासांची झोप मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची ओढ वाढते आणि चालायचा कंटाळा येतो. बहुतेकांच्या बाबतीत अडथळा हातातला मोबाइल आहे. चार्जर दुसऱ्या खोलीत लावा. रात्रपाळी करणाऱ्यांना, एमआयडीसीत असोत, एसटीत की पोलिसांत, हे सल्ले अपुरे पडतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी करावं, मध्यरात्री उसळ, उकडलेली अंडी, ताक असं हलकं घ्यावं, आणि सकाळी घरी येऊन खोलीत पूर्ण अंधार करून झोपावं. घोरणं फार असेल आणि झोपून उठल्यावरही थकवा असेल, तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडत असेल तर त्यावर उपचार आहेत.

पायरी ८: खंड पडेल तेव्हाची तयारी

खंड पडणारच. ताप येईल, गावाला जावं लागेल, वार्षिक परीक्षा किंवा मार्चएंड येईल. लंडनमध्ये ९६ लोकांच्या नव्या सवयींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश झालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

म्हणून नियम असा ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. आणि प्रत्येक नेमाचं एक छोटं रूप ठरवून ठेवा. पंधरा मिनिटं जमत नसतील त्या दिवशी पाच. घरची भाजी नाही त्या दिवशी हॉटेलात आधी सॅलड आणि ताक मागवायचं, मग बाकीचं. आजारी पडलात तर विश्रांती घ्या आणि बरं वाटल्यावर त्याच छोट्या रूपापासून सुरू करा. पहिल्याच दिवशी राहिलेली कसर भरून काढायला जाऊ नका, त्यात स्नायू दुखावतात आणि पुन्हा आठवडा जातो.

तंबाखू किंवा सिगारेट असेल तर साखरेच्या जोडीला हृदयाचा धोका वाढतो. ती सोडायला मदत मिळते. १८०० ११ २३५६ ही केंद्र सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, "शुगर मुळापासून घालवणारे" काढे यांच्या जाहिराती या काळात हमखास समोर येतात. कारल्याची भाजी आनंदाने खा. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी अशा कशासाठीही स्वतःहून थांबवू नका, आणि घटक लिहिलेले नसलेल्या पुड्या पोटात घालू नका.

पायरी ९: काटा थांबला तर, आणि चार महिन्यांनी

वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. रोज केलं तर पाण्याच्या चढउताराने जीव टांगणीला लागतो. सहा-आठ आठवड्यांनी काटा बहुधा थांबतो. तेव्हा टेप काढा. वजन तेच आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं खूपदा होतं, आणि पोटावरची चरबी घटली की साखरही सुधारते. कंबरही हलत नसेल, तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा आणि एक आठवडा लिहा. बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशीचं खाणं किंवा तेल सापडतं. तेलाला माणशी महिन्याला अर्धा लिटर ही सोपी मर्यादा घाला. चार माणसांच्या घरी दोन लिटर आणले आणि पंचविशीलाच संपले, तर कुठे जातंय ते कळतं.

चार महिने झाले की पहिल्यांदा जिथे केली होती, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासणी करा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. ६.२ चा आकडा ५.९ झाला असेल तर ही चांगली सुधारणा आहे. आता तिसरा नेम धरायला हरकत नाही. आकडा तोच राहिला असेल तरी चढता आलेख थोपवलात, आणि त्याचाही उपयोग असतो. सगळं नीट करूनही आकडा वाढला असेल, तर वही डॉक्टरांसमोर ठेवा. घराण्यातून आलेला धोका काहींना जास्तच असतो, त्यांना लवकर गोळी सुरू करणं हाच योग्य उपचार ठरतो, आणि गोळी सुरू झाली तरी हे ताट आणि हे चालणं बंद होत नाही. साखर सामान्य पातळीवर आली तरी वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवा. तिची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.